‘स्टॅक’ : एक शब्द, अनेक अर्थ
इंग्रजीतील ‘स्टॅक’ हा शब्द गवताच्या गंजीचा वाचक असलेल्या प्राचीन नॉर्स शब्दापासून आला. ग्रंथालयात तो पुस्तकांच्या मांडण्या, कारखान्यात धुराडे, तर भूगोलात लाटांच्या झिजेने किनाऱ्यापासून विलग झालेला सागरी स्तंभ दर्शवितो. संगणकशास्त्रात ‘शेवटी ठेवलेले प्रथम काढणे’ हे तत्त्व त्यात अभिप्रेत असून, त्यासाठी बावर व सामेलझोन यांनी १९५७ मध्ये पेटंट-अर्ज केला होता. अध्यापनात त्याचा ‘ढीग’ असा अनुवाद केल्यास हा क्रम लोपतो. शिवाय ‘हीप’ या भिन्न संकल्पनेशी गल्लत होते. मराठीत पोत्यांची थप्पी, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड असे रचनेनुरूप शब्द आहेत. उतरंडीतील वरचे मडकेच प्रथम काढावे लागते. म्हणून येथे ‘उतरंड’ हाच पर्याय अधिक अन्वर्थक ठरतो.