ऑब्जेक्ट कर्ता नसतो: थ्रेड आणि कॉलबॅक

मागच्या व्याख्यानानंतर एकाने विचारलं, "सर, मेथड माझ्याच ऑब्जेक्टची, मग ती भलत्याच थ्रेडवर कशी चालते?" आजचा वेळ याच प्रश्नाला देऊ.

गोंधळ आपल्या बोलण्यातून येतो. 'ऑब्जेक्ट काम करतो' असं आपण म्हणतो. पाणिनीने कर्त्याची ओळख स्वातंत्र्यावरून ठरवली. ती कसोटी लावली तर जावामध्ये कर्ता ठरतो थ्रेड. ऑब्जेक्ट फार तर अधिकरण, म्हणजे क्रिया जिथे घडते ती जागा. जो थ्रेड मेथड बोलावतो, तोच ती चालवतो. मेथड कोणाच्या मालकीची, हे तिथे कोणी विचारत नाही.

अँड्रॉइडचं उदाहरण घ्या. मोठा फोटो लहान करायचा आहे. हे काम मुख्य थ्रेडवर केलं तर स्क्रीन गोठते. स्पर्शाला 5 सेकंदांत उत्तर मिळालं नाही, तर ॲप प्रतिसाद देत नाही असं प्रणाली जाहीर करते. म्हणून आपण काम दुसऱ्या थ्रेडला देतो आणि सांगतो, "झालं की माझी ही मेथड बोलाव." तो बोलावतो खरा, पण चालवतोही तोच! आणि त्या मेथडमध्ये स्क्रीनवरचा मजकूर बदलला, की ॲप कोसळतं. का? तर तो मजकूर बदलण्याचा अधिकार मुख्य थ्रेडचा. उपाय असा: निकाल हँडलरकरवी मुख्य थ्रेडच्या रांगेत टाकायचा. लूपर त्या रांगेतले निरोप एकेक करून काढतो.

आता काळाचा प्रश्न. निरोप येईपर्यंत वापरणाऱ्याने स्क्रीन बंद केली असेल तर? कॉलबॅकने त्या स्क्रीनचा संदर्भ धरून ठेवलेला असतो, त्यामुळे तिची मेमरी मोकळी होत नाही. एसिंकटास्क हा वर्ग 2020 मध्ये, अँड्रॉइड 11 पासून, वापरू नये असा ठरला, त्यामागे हेही एक कारण होतं. स्क्रीन बंद होताना निरोप रद्द करा.

शेवटचं, आणि सगळ्यात घातक. लॉक हातात ठेवून कॉलबॅक बोलावू नका. पलीकडचा कोड काय करेल, आपल्याला ठाऊक नसतं. तो दुसऱ्या थ्रेडची वाट पाहत थांबला आणि त्या थ्रेडला तेच लॉक हवं असलं, तर दोघेही कायमचे अडकले. आधी हवी ती माहिती कॉपी करा, लॉक सोडा, मग बोलवा.

घरी गेल्यावर आपलाच जुना कोड उघडा आणि प्रत्येक कॉलबॅकपुढे एवढंच लिहा: इथे कर्ता कोण? उत्तर सुचलं नाही, तर चूक तिथेच शोधा.