नांगर धरला का?

मैत्रिणींनो, 'नांगर' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? बैलजोडी, काळी ढेकळं आणि भरून आलेलं आभाळ, हो ना? आमच्या मोशीत तरी तेच. माझं माहेर मात्र मालवणचं. लग्न होऊन इथे आले त्या वर्षीची गोष्ट. एका रात्री वारा सुटला, पत्रे वाजू लागले आणि मी झोपेतच बोलून गेले, "नांगर नीट टाकलाय ना? सुटला तर पंचाईत!" सासूबाई उठून बसल्या. "अगं, नांगर गोठ्यात आहे. त्याला कोण नेतंय या वाऱ्यात?" पुढे वर्षभर घरात माझी चेष्टा चालली होती. आता गोठा नाही, शेताच्या जागी सात मजली सोसायटी आहे, आणि तो लोखंडी नांगर जिन्याखाली पडून आहे.

दोन्ही वस्तूंना आपण एकच नाव दिलं ते काही उगीच नाही, हे मला यंदा जानेवारीत कळलं.

झालं असं की, आमची लेक बारावीला. तिला एनडीएचा फॉर्म भरायचा होता, पुढे नौदलात जायचं म्हणून. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत 2022 पासून मुलींना प्रवेश मिळतो, आणि मे 2025 मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून शिकून बाहेर पडल्याही. तिच्या वडिलांनी कधीच होकार दिला होता. अडून बसले होते ती मी. मी माहेरी दर्या पाहिलेला आहे. त्यामुळे भीती कशाची वाटायला हवी हे मला नेमकं ठाऊक आहे! लेक मला 'तारिणी'चे दाखले देई. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ती सतरा मीटरची शिडाची नौका घेऊन नौदलाच्या सहा मुली 10 सप्टेंबर 2017 ला निघाल्या आणि 254 दिवसांनी, 21 मे 2018 ला जगप्रदक्षिणा करून परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूत बिघाड झाला तेव्हा त्यांनी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदराचा आसरा घेतला. (तिथे मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत, बरं का!) आणि त्याआधी, 2009-10 मध्ये, आपले दिलीप दोंदे एकटे जाऊन आलेच होते.

"आई, तू एक रात्र तरी बोटीवर राहा, मग बोल," ती म्हणाली. माझा थोरला भाऊ नौदलातून निवृत्त झाला आहे. तो गोव्यातल्या एका गृहस्थांची बारा मीटरची शिडाची नौका सांभाळतो. ती मालवणला न्यायची होती. शाळेत मी अर्धवेळ, त्यामुळे चार दिवसांची सवड काढता आली. गेले.

सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर आहे, ते बेट आणि मालवणचा किनारा यांच्यामध्ये आम्ही मुक्कामाची जागा शोधली. लहानपणापासून पाहिलेलं हे बंदर, पण बोटीवरून पाहिलं की ते वेगळंच दिसतं. पाण्याखालचे खडक सोडून वाळू-चिखलाची भुई शोधायची. कारण खडकात नांगर एक तर धरत नाही, नाहीतर असा अडकतो की निघत नाही. पूर्वीचे खलाशी शिशाच्या गोळ्याच्या खळग्यात चरबी भरून तो दोरीने तळाला सोडत. वर काढला की चरबीला वाळू चिकटली आहे की चिखल, ते कळे. डब्यात तळाशी साखर आहे की रवा हे आपण बोट घालून पाहतो, तशातलंच! प्रवाळ असेल तिथे तर नांगर टाकूच नये. वर्षानुवर्षांनी वाढलेलं प्रवाळ साखळीच्या एका फटक्याने मोडतं. मालवणच्या या पाण्यात प्रवाळ आहे, आणि 1987 मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. अशा जागी तळाला कायमचा जड ठोकळा बसवून त्याला तरंगता बोया जोडलेला असेल, तर बोट त्यालाच बांधावी. पण दिसेल त्या बोयाला बांधू नये! तो कुणाच्या जाळ्याची खूण असेल, नाहीतर आपल्या बोटीचा भार सोसण्याइतका ठोकळा खाली नसेलही.

भावाने शिडं उतरवली, वाऱ्याकडे तोंड करून बोट अगदी थांबवली. ती मागे सरकू लागली तशी लेकीने नांगर पाण्यात सोडला. सोडला, फेकला नाही. फेकला की साखळीचा गुंता त्याच्यावरच पडतो. मला वाटलं, झालं काम. पण बोट मागे जात राहिली आणि ती साखळी, मग साखळीला जोडलेला दोर, सोडतच राहिली. "अगं, पुरे की! केवढा सोडतेस?" मी म्हटलं.

इथे मला हिशेब शिकवला गेला. मी गणित शिकवते तरी! ओहोटीला पाणी चार मीटर. भरतीला ते दोन मीटर चढणार. बोटीचं नाक पाण्यापासून एक मीटर वर. झाले सात. त्याच्या पाचपट साखळी, म्हणजे पस्तीस मीटर. साखळी थोडी आणि दोर जास्त असेल तर सातपट, म्हणजे जवळजवळ पन्नास. का? तर बोटीला नांगराचं वजन धरून ठेवत नाही. बोट आठ-नऊ टनांची, नांगर वीस किलोचा. तांदळाच्या कट्ट्याहून हलका. तो धरतो तो जमिनीत शिरून, आणि शिरतो केव्हा, तर ओढ आडवी लागली की. दोर आखूड असेल तर ओढ वर लागते आणि फाळ उपटला जातो. 1933 मध्ये जेफ्री टेलर या इंग्रज शास्त्रज्ञाने तर बोटीसाठी हुबेहूब नांगराच्या फाळासारखा नांगर तयार केला. तो पुढे जगभर वापरला गेला. मग इंजिन उलटं चालवून ओढ दिली, साखळीवर हात ठेवला. हाताला थरथर लागली तर तो तळावरून घसरतो आहे. शांत असेल तर धरला. धरला होता.

लेकीने किनाऱ्यावरचा एक माड आणि त्याच्यामागचा एक दिवा, असे एका रेषेत येणारे दोन ठिपके हेरून ठेवले. किल्ल्याच्या बाजूलाही तशीच खूण. डोलकाठीवर सगळीकडून दिसणारा पांढरा दिवा लावला. मग जेवणं. (सोलकढी मी घरून करून नेली होती, ती तेवढी माझी कर्तबगारी.)

भूगोलाच्या पुस्तकात आपण वाचतो ना, दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे? ते त्या रात्री मला अंगावर कळले. संध्याकाळी वारा समुद्राकडून, तेव्हा आमची पाठ गावाकडे होती. रात्री दोनच्या सुमारास मतलई वारा सुटला, बोट नांगराभोवती गर्रकन फिरली, आणि आता पाठीशी किल्ल्याखालचे काळे खडक! मी जागीच होते. पहाऱ्यावर लेक. तिने माडाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. माड आणि दिवा एका रेषेत नव्हते.

"मामा, सरकतोय."

"मग सोड," भाऊ खालून म्हणाला. वरही आला नाही, बघा!

मी ओरडले, "सोडतेस काय, ओढून घे!" आपण खडकांकडे चाललो आहोत आणि ही पोर आणखी दोर सोडते आहे, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. आपल्याकडे काही निसटायला लागलं की आपण घट्ट धरतो. "आई, ओढला तर उपटेल," ती शांतपणे म्हणाली आणि तिने पंधरा मीटर दोर सोडून खुंटाला वळसे दिले. खडकांवर फुटणारं पाणी मला ऐकू येत होतं. तिचा हात दोरावर. किती वेळ गेला कोण जाणे. मग बोटीला एक हलका हिसका बसला आणि तिने वाऱ्याकडे तोंड केलं.

"धरला," लेक म्हणाली. नव्या दोन खुणा हेरल्या आणि पुन्हा पहाऱ्याला बसली. मी तिच्या अंगावर शाल टाकली. तिने ती काढून ठेवली. दोर हाताळताना अडकते म्हणाली.

सकाळी नांगर वर आला तो चिखलाने माखलेला. बादलीने धुतला.

घरी आल्यावर ही सगळी हकिकत सासूबाईंना सांगितली. त्या गहू निवडत होत्या. "बैल नांगराच्या फार जवळ जुंपले की फाळ वर येतो," त्या म्हणाल्या, "एवढं साधं आहे. यासाठी मालवणला जायला हवं होतं का?" फॉर्म ऑनलाइन भरायचा होता, लेक त्यासाठी फोटो शोधत होती. तो मीच तिला फडताळातून काढून दिला. सासूबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"बाकी काही असो," त्या म्हणाल्या, "वर काढला तेव्हा फाळाला माती लागली होती का?"

"लागली होती. काळीभोर."

"मग धरला होता," म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढलं.