बँगोरचे पत्र : घोड्यांचा डॉक्टर

वेल्सला इंग्लंडचा भाग म्हणालात, तर इथला माणूस तुमची चूक शांतपणे, पण लगेच दुरुस्त करतो. तीस लाखांच्या आसपास वस्ती, तिच्या जवळजवळ तिप्पट मेंढ्या. आणि या वायव्य कोपऱ्यात दुकानातही कानावर पडते ती वेल्श. बँगोरचे विद्यापीठ १८८४ साली सुरू झाले तेव्हा स्लेटच्या खाणीतल्या मजुरांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली होती. या विद्यापीठात एक निवृत्त लष्करी पशुवैद्य वीसेक वर्षे जनावरांचे आरोग्य शिकवत असे. त्याचे नाव ग्रिफिथ एव्हान्स.

टाउइनजवळ १८३५ साली जन्मलेला हा गृहस्थ तोफखान्याच्या घोड्यांबरोबर कॅनडात गेला आणि नोकरी सांभाळून मॉन्ट्रिअलला माणसांच्या डॉक्टरकीची पदवीही मिळवून बसला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. १८६४ मध्ये तो वॉशिंग्टनला जाऊन लिंकनला भेटला, उत्तरेच्या फौजेच्या छावण्याही पाहून आला. दुसऱ्याचे युद्ध पाहायला जाण्याची ही हौस मला जरा अचाटच वाटते.

त्याचे खरे काम मात्र हिंदुस्थानातले. दुसरे अफगाण युद्ध चालू होते आणि सरहद्दीवरचे लष्कर उंट, घोडे, खेचरांच्या पाठीवर चालत होते. १८८० साली डेरा इस्माईल खानला ही जनावरे ‘सर्रा’ने मरत होती : ताप येई-जाई, पाय सुजत, खाणे चालू असूनही अंग झडत जाई. एव्हान्सने आजारी घोड्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तांबड्या पेशींना ढुशा देत वळवळणारे जीव दिसले. ते रक्त निरोगी जनावरांना टोचले, तीही आजारी पडली. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे हा रोग होतो, असे तिथले लोक सांगत. एव्हान्सने ते हसण्यावारी नेले नाही. अहवालात नोंदवले.

कलकत्त्याचे डॉक्टर टिमथी लुइस हेही वेल्शच. असले जीव त्यांना उंदरांच्या रक्तात सापडले होते आणि ते निरुपद्रवी, असे त्यांचे मत. आपला देशबांधव म्हणून त्यांनी एव्हान्सला सूट दिली नाही. पंधरा वर्षांनी डेव्हिड ब्रूस यांनी आफ्रिकेत असलेच जीव पसरवणाऱ्या त्सेत्से माशीचे कोडे सोडवले. पुढे ते ‘सर’ झाले. एव्हान्सला लिव्हरपूलचे मेरी किंग्जली पदक मिळाले १९१७ मध्ये, ऐंशी उलटल्यावर. हा न्याय फार उशिराचा.

त्याला आधी ओळखले ते पशुवैद्य जॉन हेन्री स्टील यांनी. १८८५ मध्ये ब्रह्मदेशातल्या खेचरांत तेच जीव पाहून स्टील यांनी त्या जीवांना एव्हान्सचे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय उभारले. स्टील यांच्या स्मरणार्थ ठेवलेले पदकही पुढे एव्हान्सलाच मिळाले.

हा रोग इतिहासजमा झालेला नाही. सर्राचे जंतू माणसाच्या रक्तात असल्याचा जगातला पहिला पक्का पुरावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला; रुग्ण होता आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातला शेतकरी. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. एव्हान्स शंभरी पूर्ण करून डिसेंबर १९३५ मध्ये वारला. स्टीलच्या त्या महाविद्यालयात, परळला, पशुवैद्यक शिकणाऱ्यांनी सर्राच्या धड्यापाशी त्याचे नाव वहीच्या समासात लिहून ठेवावे, शेजारी स्टीलचेही.