वळच्या गोदामातली नोकरी : गेटवर एक नाव, पगाराच्या कागदावर दुसरंच

अंजूरफाट्याकडून दापोड्याच्या रस्त्याला लागलं की वळ गाव यायच्या आधीच गोदामं सुरू होतात. सकाळी शिफ्टच्या वेळेला तिथे थोडा वेळ उभं राहून बघा. भिवंडीच्या मोहल्ल्यांतून शेअर रिक्षाने आलेली, गळ्यात आयकार्ड अडकवलेली आपली पोरंपोरी रांगेने आत जाताना दिसतील. घरी अम्मी कौतुकाने सांगते, "मुलगा मोठ्या फॉरेनच्या कंपनीत लागलाय." ते आयकार्ड जरा हातात घेऊन वाचा. वर मोठ्या कंपनीचं चिन्ह असलं, तरी खाली बारीक अक्षरात वेगळंच नाव असतं, कुठल्या तरी "मॅनपॉवर" नाहीतर "एंटरप्रायझेस"चं.

त्या बारीक अक्षरांना किती महत्त्व आहे, हे आम्हाला आमच्या नात्यातल्या एका पोरामुळे कळलं. माल उतरवताना त्याच्या पायावर पॅलेट पडलं. गेटवरच्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, तू तर गेल्या महिन्यापासून माझ्या दुसऱ्या फर्मच्या खात्यावर आहेस, तिथला ईएसआय नंबर अजून आलेला नाही. प्लास्टरचा खर्च घरातूनच झाला आणि सहा आठवडे पगार नाही. तो ठेकेदार आपल्याच मोहल्ल्यातला होता, हेही सांगायला हवं. आपला माणूस म्हणून आपण कागद मागत नाही, आणि तिथेच फसतो.

असं का होतं? हा एका ठेकेदाराचा लबाडपणा म्हणून सोडून देता येत नाही. जगभरातल्या मोठ्या कंपन्या आपल्यासारख्या देशात धंदा कसा उभा करतात, त्या आखणीतच याचं उत्तर आहे.

"उगवत्या बाजारपेठा" हा शब्द १९८१ साली जागतिक बँकेच्या गटातल्या इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या अँटोइन व्हॅन अॅगटमेल यांनी रूढ केला. "तिसरं जग" म्हटलं की गुंतवणूकदार दचकायचे, म्हणून हे नवं नाव. पुढे १९९७ मध्ये तरुण खन्ना आणि कृष्णा पालेपू या हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी एक मुद्दा मांडला. श्रीमंत देशांत कंपनीला ज्या सोयी तयार मिळतात, त्या अशा देशांत नसतात किंवा अर्धवट असतात. माणसं शोधून देणारी भरवशाची यंत्रणा, कामाचं प्रशिक्षण, लवकर निकाल देणारी कोर्टं, पक्के रस्ते. या रिकाम्या जागा कंपनीने एकतर स्वतः भरायच्या, नाहीतर स्थानिक माणसाकडून भरून घ्यायच्या. वळमध्ये माणसं जमवण्याची रिकामी जागा ठेकेदाराने भरली.

आता वळच का, तेही बघू. मुंबई महापालिकेच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, पण शहराच्या हाताशी माल ठेवायला जागा शोधली. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, ठाणे जवळ, जमीन स्वस्त. भातखाचरं गेली आणि काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली या पट्ट्यात गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. गोदामं मात्र गेली नाहीत, उलट वाढली. पूर्वी राज्याराज्यांच्या करामुळे प्रत्येक राज्यात छोटं गोदाम ठेवावं लागे. आता एकच मोठं गोदाम ठेवून चारी दिशांना माल पाठवणं परवडू लागलं.

परदेशी कंपन्या त्याच्याही आधी आल्या. अॅमेझॉनने जून २०१३ मध्ये भारतात दुकान उघडलं, तेव्हा त्यांचं देशातलं पहिलं गोदाम भिवंडीतच होतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉलमार्टने १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला. पण आपल्या सरकारची एक अट आहे. २०१६ च्या नियमानुसार ऑनलाइन "बाजार" चालवायला १०० टक्के परदेशी पैसा चालतो, मात्र स्वतःच्या मालकीचा माल ग्राहकाला ऑनलाइन विकायला चालत नाही. फेब्रुवारी २०१९ पासून हा नियम आणखी कडक झाला. त्यामुळे माल विक्रेत्याचा, गाळा बहुधा जमीनमालकाचा किंवा बिल्डरचा, गोदाम चालवणारी लॉजिस्टिक कंपनी बऱ्याचदा तिसरीच, आणि माणसं ठेकेदाराची. परदेशी कंपनीच्या हातात उरतं ते सॉफ्टवेअर, ब्रँड आणि तासाला किती नग उचलायचे याचं टार्गेट. धंद्याच्या भाषेत याला "हलकं राहणं" म्हणतात. दिवाळीच्या सेलला दुप्पट माणसं लागतात, सेल संपला की नको असतात. ती कमीजास्त करण्याचं ओझं साखळीच्या शेवटच्या कडीवर, म्हणजे आपल्या पोरावर पडतं.

या सगळ्यात काही चांगलं नाही, असं आम्ही म्हणणार नाही. ज्यांच्या अब्बांनी लूमवर बारा-बारा तास धोटा फिरताना बघितला, कानाने अधू झाले, त्यांना विचारा. तिथे पीएफचं नाव फारसं कोणी ऐकलं नव्हतं. गोदामात पगार बँकेत येतो, मुलींना काम मिळतं, बारावी झालेला पोरगा दोन वर्षांत सुपरवायझर होऊ शकतो. आमचं म्हणणं एवढंच आहे की लूमच्या सेठला आपण चेहऱ्याने ओळखत होतो. इथे सेठ कोण, हे कागदावर शोधावं लागतं.

महाराष्ट्राने याच कोड्यावर एक उत्तर फार पूर्वी काढलं होतं. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या कामगाराचा रोज नवा मालक असतो, मग त्याचा पीएफ कोण भरणार? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात कामगाराची नोंद मालकाकडे न होता माथाडी मंडळाकडे होते. माल ज्याचा, तो मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो आणि मंडळ त्यातून पगार, पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस देतं. मालक दहा बदलले तरी कामगाराचं खातं एकच. काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली खंडणी मागितली जाते, ही उद्योजकांची तक्रारही खोटी नाही. तरीही कल्पना जबरदस्त होती. गोदामातला पिकर आणि पॅकर मात्र सहसा या छत्रीबाहेर राहतो.

मग त्याच्यासाठी काय आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत नेमणूकपत्र प्रत्येक कामगाराला द्यावंच लागतं. पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत. ठेकेदाराने पगार बुडवला तर ज्याच्या जागेवर काम चाललंय त्या मुख्य मालकावर ती जबाबदारी येते. ही तरतूद जुन्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होती. म्हणजे "ठेकेदाराशी बोला" हे गेटवरचं उत्तर कायद्याला मान्य नाही.

आता पगाराच्या स्लिपवर या. ईएसआय २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला लागू आहे. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. १४,००० पगारावर पोराचे १०५ रुपये कापले जातात आणि मालक ४५५ भरतो. या १०५ रुपयांत स्वतःचा, बायकोमुलांचा आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचा इलाज होतो. ठाणे आणि उल्हासनगरला ईएसआयची रुग्णालयं आहेत. कामावर अपघात झाला तर बरं होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, आणि त्यासाठी किती महिने भरणा झाला याची अट नसते. कामावर मृत्यू झाला तर घरच्यांना दरमहा रक्कम सुरू होते. २९ एप्रिल २०२३ ला वळपाड्यातल्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली, तिथे खाली गोदाम होतं आणि वर कुटुंबं राहत होती. ८ जण गेले. अशा दिवशी रजिस्टरवर कोणाचं नाव कोणाच्या खात्यावर आहे, यावर मागे राहिलेल्यांचं पुढचं आयुष्य ठरतं.

पीएफमध्ये घोळ जास्त होतो. पगार १५,००० पर्यंत असेल तर पीएफ सक्तीचा आहे. "पीएफ नको, हातात जास्त देतो" म्हणणारा ठेकेदार स्वतःचा हिस्सा वाचवत असतो. दुसरा घोळ यूएएन नंबरचा. ठेकेदार बदलला की पोरं नवा यूएएन काढू देतात आणि जुना विसरून जातात. एका माणसाला आयुष्यभर एकच यूएएन असतो. पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते, आणि पाच ठेकेदारांकडची दोन-दोन वर्षं एकाच यूएएनवर असतील तर त्यांची बेरीज होते. वेगवेगळ्या नंबरांवर विखुरलेली असतील तर होत नाही, ती आधी जोडून घ्यावी लागतात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पीएफसोबतच्या विम्यातून घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळतात. वारसाचं नाव मात्र भरलेलं हवं. लग्नानंतर ते बदलायला कित्येक जण विसरतात. पीएफवरच्या व्याजाबद्दल कोणाच्या मनात शंका असेल तर त्यांनी आपल्या मौलानांशी जरूर बोलावं. पण मालकाचा हिस्सा हा व्याज नसतो. तो आपल्या मेहनतीचाच मोबदला आहे आणि तो सोडायचं काही कारण नाही. उमंग अॅपवर पासबुक उघडून दर तीन महिन्यांनी बघत जा. स्लिपमध्ये कापलेला पैसा तिथे दिसत नसेल, तर ईपीएफओकडे तक्रार ऑनलाइन करता येते.

मुलींच्या घरच्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती दिली तर तिच्या सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची. जॉइनिंगच्या वेळी कागदांचा गठ्ठा पुढे येतो, त्यात ही संमतीही असू शकते. सही करण्याआधी वाचा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्याची आपल्यात फारशी चर्चा होत नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या ४ मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. आपली पोरं दर ईदला सुपरवायझरसमोर हात जोडतात, नाहीतर खाडा करून दिवसाचा पगार गमावतात. दोन्ही ईद त्या चारांत बसू शकतात. मात्र ही यादी वर्ष सुरू होण्याआधी ठरवायची असते. म्हणजे डिसेंबरमध्ये चारपाच जणांनी मिळून लेखी अर्ज द्यायचा, ठेकेदारालाही आणि गोदाम चालवणाऱ्या कंपनीच्या एचआरलाही, आणि दुसऱ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का घ्यायचा.