घड्याळाचें अंतरंग

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरांतील एक जुनें खिशांतील घड्याळ विकून टाकावें, असा विचार घरांत निघाला. तें आमच्या आजोबांच्या वेळचें, इंग्लंडांत बनलेलें, चांदीच्या डबीचें होतें, व पुष्कळ वर्षें बंद पडून राहिलें होतें. तें घेऊन आम्ही एका पेढीवर गेलों. दुकानदारानें यंत्र बाहेर काढून बाजूस ठेविलें, रिकामी डबी तराजूंत घातली आणि चांदीची किंमत सांगितली. "आणि ह्या यंत्राचें काय?" असें आम्हीं विचारलें. "तें तुम्ही परत न्या, आम्हांस त्याचा उपयोग नाहीं," असें उत्तर मिळालें. त्या उत्तरानेंच तें यंत्र एकदां नीट पाहावें अशी बुद्धि आम्हांस झाली. सौदा न करितां आम्ही परत फिरलों व एका वृद्ध घड्याळजींकडे गेलों. तराजूनें ज्याची किंमत शून्य ठरविली, तें भिंगाखालीं कसें दिसलें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

पितळेचे दोन वाटोळे जाड पत्रे, त्यांस एकमेकांपासून दूर धरणारे चार आंखूड खांब, आणि त्या दोन पत्र्यांच्या मधल्या जागेंत सारी चाकें, असें ह्या जुन्या यंत्राचें घर असतें. एका बाजूस पितळेचें एक पिंप असतें. त्याच्या पोटांत पोलादाची लांब पट्टी गुंडाळलेली असते. तीच घड्याळाची मुख्य कमान. किल्ली दिली म्हणजे ती ताणली जाते, आणि उलगडतांना जो जोर करिते त्यावर सर्व चाकें चालतात. परंतु येथें एक अडचण आहे. कमान नुकतीच ताणलेली असतां तिचा जोर पुष्कळ, व उलगडत आली कीं तोच कमी. मग घड्याळ सकाळीं जलद व रात्रीं मंद चालावयाचें!

ह्या अडचणीवर जुन्या कारागिरांनीं जो उपाय योजिला, तो आम्हांस फारच सुंदर वाटला. पिंपाशेजारीं त्यांनीं एक शंकु बसविला. ह्यास इंग्रज कारागीर 'फ्यूझी' म्हणतात. त्याच्या अंगावर चढत जाणारी खांच असते, आणि पिंप व शंकु यांस एक बारीक पोलादी सांखळी जोडते. जात्याचा खुंटा कडेस असतो म्हणून जातें थोड्या जोरानें फिरतें. तोच मध्याजवळ असता, तर दळणारीचे हात दुखून येते. येथेंही तेंच तत्त्व आहे. कमान जोरांत असतां सांखळी शंकूच्या निमुळत्या टोंकास ओढते. कमान थकत जाते तशी सांखळी रुंद भागाकडे उतरते, व थोड्या जोरानेंही तितकेंच काम होतें. बळ घटत असतां काम मात्र सारखें राहतें. शंकूचा तो बांक शोभेसाठीं काढिलेला नाहीं, तो हिशेबानें काढिलेला आहे. आणि तरीही शोभतो.

आतां दुसरा प्रश्न असा कीं, हा जोर मोकळा सोडिला तर चाकें भरभर फिरून थोड्याच वेळांत थांबतील. म्हणून शेवटच्या चाकापाशीं दोन बोटांचा एक लहान पंजा पहारा करितो. एक बोट दांता सोडितें, तोंच दुसरें पुढचा दांता अडवितें. ही रचना लंडनचे टॉमस मज यांनीं १७५५ च्या सुमारास काढिली. पंजास हुकूम देणारें जें वाटोळें तोलचक्र, तें केसासारख्या बारीक कमानीच्या योगानें मागें-पुढें झुलत असतें. तोलचक्रास अशी नागमोडी कमान लाविण्याची युक्ति १६७५ सालीं हॉलंडचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनीं प्रसिद्ध केली. झोपाळ्यावरील मुलास योग्य क्षणीं हलका धक्का द्यावा, तसा पंजा ह्या चक्रास प्रत्येक झोक्यास धक्का देतो; आणि दांता अडतांना जो आवाज होतो, तीच आपल्या ओळखीची टिकटिक. आमच्या घड्याळांत असे ठोके सेकंदास ४ पडतात. म्हणजे दिवसास ३,४५,६००. अशा घड्याळाची चूक दिवसास १ मिनिट झाली, तरी ती १,४४० भागांतील एकच भाग होय.

भिंगाखालीं आणखी दोन रंग डोळ्यांत भरले: लाल आणि निळा. लाल तीं माणकें. स्विस गणिती फातियो यांनीं इतर दोघांसह माणकास छिद्र पाडून त्यांत चाकाचा आंस बसविण्याच्या कृतीचें पेटंट १७०४ सालीं लंडनास मिळविलें. माणिक कठीण व गुळगुळीत असल्यानें तें झिजत नाहीं. एवढ्याशा खड्यांस जवाहिऱ्याकडे फारसें मोल नाहीं. त्यांचें मोल त्यांच्या कामांत आहे. निळे ते स्क्रू. त्यांस रंग दिलेला नसतो. चकचकीत केलेलें पोलाद हळूहळू तापविलें कीं तें प्रथम पिंवळसर, मग तपकिरी, मग जांभळें व सुमारें ३०० अंश सेंटिग्रेडास गडद निळें होतें. त्याच क्षणीं तें काढून घ्यावें लागतें. थोडा उशीर झाला कीं निळाई फिकी पडते, आणि पुन्हां घांसण्यापासून आरंभ!

वरच्या पत्र्यावर, तोलचक्रास झांकणाऱ्या लहानशा तुकड्यावर, पानाफुलांची वेलबुट्टी कोरलेली आहे. हिनें वेळ अधिक अचूक होत नाहीं. मालकाच्या दृष्टीसही ती क्वचितच पडावयाची. ती पाहणार कोण? घड्याळ उघडणारा दुसरा कारागीर! म्हणजे ही एका जाणत्यानें दुसऱ्या जाणत्यास केलेली रामराम आहे, असें आम्हांस वाटलें.

परंतु ह्या सौंदर्याची दुसरी बाजू सांगितल्यावांचून लेख पुरा केला, तर तो अप्रामाणिकपणा होईल. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील क्राइस्टचर्च गांवीं १७९० च्या सुमारास ह्या फ्यूझीच्या सांखळ्या करण्याचा धंदा निघाला. सायकलच्या सांखळीसारख्याच, पण तिचे शेंकडों दुवे हाताच्या बोटांएवढ्या जागेंत मावावे इतक्या त्या बारीक. त्या करीत स्त्रिया व लहान मुलें. त्यांत गरिबांच्या आश्रमांतील मुलेंही होतीं. त्या कामानें त्यांच्या डोळ्यांस अपाय होई. पितळेवर सोन्याचा मुलामा चढविण्याच्या जुन्या पद्धतींत पारा तापवून उडवीत, व त्या वाफेनें कामगारांचे हात कायमचे कांपूं लागत. ज्या वयांत आमचे विद्यार्थी पहिलीं अक्षरें गिरवितात, त्या वयाचीं बोटें कदाचित् आमच्या सांखळीवरही फिरलीं असतील. म्हणून ती पाहतांना कौतुक आणि दुःख हीं दोन्ही आमच्या मनांत एकदमच येतात. आणि दोन्हीही यावींत.

१९६९ सालीं जपानांत क्वार्ट्झचें मनगटी घड्याळ निघालें, आणि आज स्वस्तांतलें असें घड्याळही आमच्या चांदीच्या घड्याळाहून कितीतरी अचूक वेळ सांगतें. तेव्हां जुनें यंत्र वेळेकरितां ठेवावें, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एक विनंति आहे. ज्यांच्या घरीं असें बंद घड्याळ असेल, त्यांनीं तें तोळ्यावर मोडण्यापूर्वीं एकदां जाणत्या घड्याळजीकडून उघडून पाहावें. मुलांनीं चाकूनें उघडूं नये. इंग्रजी घड्याळ नसलें, तरी १९६१ पासून बंगळूरास एच. एम. टी. च्या कारखान्यांत बनलेलें एखादें किल्लीचें मनगटी घड्याळ कपाटांत असेल. तो कारखाना आतां बंद झाला. घड्याळांत फ्यूझीही नाहीं. पण कमान, पंजा व तोलचक्र यांची तीच गोष्ट तेथें चाललेली दिसेल.

आमचें घड्याळ त्या वृद्ध घड्याळजींनीं साफ करून तेल देऊन चालूं केलें. तें दिवसास दोनेक मिनिटें मागें पडतें. रोज रात्रीं किल्ली देतांना आम्ही त्याचे कांटे पुढें करितों, आणि मग क्षणभर तें कानाशीं धरितों.