हवा गेली की ब्रेक लागतो!

घाटात ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली की निदान करणारे तयारच असतात, ‘हवा गेली असणार!’ पण स्प्रिंग ब्रेक असलेल्या आजच्या ट्रकची किंवा ट्रेलरची हवा खरोखरच गेली, तर तो सुसाट सुटत नाही. चाकं आवळून उभा राहतो. टाकीपासून चाकापर्यंत बसवलेले सगळे व्हॉल्व्ह एकच गोष्ट गृहीत धरून कामाला लागतात : आज ना उद्या कुठेतरी गळणारच! अशा संशयी स्वभावाच्या व्हॉल्व्हांच्या या काही चटपटीत गोष्टी.

१. लावायलाही हवा, सोडवायलाही हवा

ट्रकमध्ये हवा दोन उलटी कामं करते. पेडल दाबलं की टाकीतली हवा चाकाजवळच्या चेंबरमध्ये शिरते, आतला दांडा पुढे रेटते आणि ब्रेक लागतो. पार्किंग ब्रेकचा कारभार याच्या नेमका उलट. मागच्या चाकांच्या चेंबरमध्ये एक दणकट स्प्रिंग असते आणि तिला ब्रेक लावायची कायम घाई असते. हवेच्या दाबाने तिला मागे दाबून ठेवलेलं असतं. ड्रायव्हरने पार्किंगचा खटका ओढला की ती हवा ‘फुस्स’ करून बाहेर पडते आणि स्प्रिंग मोकळी सुटते. ढाब्यासमोर रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकला धरून ठेवते ती ही पोलादी स्प्रिंग. तिची ताकद एवढी, की ती बोल्टने नीट बांधून घेतल्याशिवाय जाणता मेकॅनिक ते चेंबर उघडायला जात नाही. सुटली तर जिवावर बेतते.

२. तीन वर्षांत कल्पनेची कोलांटउडी

जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन तरुणाला एप्रिल १८६९ मध्ये रेल्वेच्या एअर ब्रेकचं पेटंट मिळालं, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. त्याची पहिली रचना सरळसोट होती : इंजिनातून हवा सोडा, ती पाइपातून डब्यांपर्यंत जाईल आणि ब्रेक लागतील. पण पाइपच फुटला तर? मग ब्रेकही नाही. १८७२ मध्ये त्याने सगळा हिशेब उलटा केला. प्रत्येक डब्याला स्वतःची हवेची टाकी दिली आणि मुख्य पाइप कायम भरलेला ठेवला. पाइपातला दाब घसरला की हाच ब्रेक लावायचा हुकूम! पाइप तुटला तरी दाब घसरणारच, म्हणजे अपघातच ब्रेक लावणार. आजच्या ट्रेलरचा आपत्कालीन ब्रेक याच तर्कावर चालतो. ट्रकच्या व्हॉल्व्हवर दिसणारं ‘वॅबको’ हे नावही याच वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनीच्या वंशावळीतलं.

३. दगडांच्या भरवशावर उभे केलेले डबे

ही कल्पना किती मोलाची होती, ते आयर्लंडमधल्या आरमा गावाजवळ कळलं. १२ जून १८८९ रोजी सहलीला निघालेल्या मुलांनी भरलेली गाडी तिथल्या चढावर अडकली. इंजिनाला ओढवेना, म्हणून कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन तुकडे करायचं ठरवलं. गाडीला निर्वात दाबावर चालणारा ब्रेक होता, पण तो स्वयंचलित नव्हता. डबे सुटे झाले आणि त्यांचा ब्रेकही सुटला. उरला गार्डच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. डबे उतारावरून मागे घरंगळले आणि पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा करून प्रवासी गाड्यांना स्वयंचलित ब्रेक सक्तीचा केला.

४. साखळी ओढली की नेमकं काय होतं?

एअर ब्रेकच्या गाडीत आपण धोक्याची साखळी ओढतो तेव्हा ब्रेकच्या पाइपातली हवा बाहेर जायला वाट मिळते. भारतीय रेल्वेत या पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब राखलेला असतो. तो घसरू लागला की डब्यांचे ब्रेक आवळायला लागतात आणि इंजिनातल्या लोको पायलटच्या लक्षात येतं की मागे काहीतरी घडलंय. म्हणजे साखळी ओढणारा प्रवासी पाइपाला मुद्दाम गळती लावत असतो!

५. एक टाकी, चार बिऱ्हाडं

गच्चीवर एकच टाकी आणि तिच्यावर चार घरांचे नळ. एका घरात पाइप फुटला तर चौघांच्याही बादल्या कोरड्या! हुशार प्लंबर प्रत्येक घराच्या वाटेवर असा व्हॉल्व्ह बसवेल, की दाब ठरावीक पातळीखाली गेला तर ज्याची गळती त्याचंच पाणी बंद. ट्रकमधला चार वाटांचा सिस्टिम प्रोटेक्शन व्हॉल्व्ह नेमकं हेच करतो. कॉम्प्रेसरकडून आलेली हवा तो चार वाटांनी सोडतो : दोन वाटा पायाच्या ब्रेकच्या, एक साधारणतः पुढच्या चाकांची आणि एक मागच्या चाकांची; तिसरी पार्किंग ब्रेकची आणि ट्रेलरची; चौथी हॉर्नपासून एअर सस्पेन्शनपर्यंतच्या बाकी लवाजम्याची.

खरी करामत पुढे आहे. एक वाट फुटली की सुरुवातीला चौघांचाही दाब घसरतो. मग व्हॉल्व्ह फुटलेली वाट बंद करतो आणि कॉम्प्रेसर उरलेल्या तिघांना पुन्हा भरू लागतो. त्यांचा दाब वाढत वाढत फुटलेल्या वाटेचं झाकण उचलण्याइतका झाला, की वरची जास्तीची हवा तिकडून निसटते. त्यामुळे त्यांना अगदी पूर्ण दाब मिळत नाही, पण गाडी सुखरूप थांबवण्यापुरता नक्की टिकतो.

६. हॉर्न रांगेत शेवटी

सकाळी ट्रक सुरू करून ड्रायव्हर काही वेळ नुसताच बसलेला दिसतो, कारण हवा भरायची असते. ती भरण्यातही मानपान ठरलेला आहे. आधी पायाच्या ब्रेकच्या टाक्या, मग पार्किंग आणि बाकीची मंडळी. पायाच्या ब्रेकला पुरेशी हवा मिळण्याआधी पार्किंग ब्रेक सुटलाच, तर गाडी हलेल पण थांबणार नाही. म्हणून हा क्रम. आणि हॉर्न कितीही कर्कश वाजवला तरी त्याने ब्रेकची हवा संपू नये, म्हणून तो चौथ्या वाटेवर. तो आळीपाळीने वेगवेगळे सूर काढत असेल, तर मात्र हवा पुरूनही उपयोग नाही. असा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या ११९व्या नियमात बसत नाही.

७. व्हॉल्व्हवरचे गूढ आकडे

व्हॉल्व्हच्या तोंडांजवळ १, २, ३, ४, २१, २२ असे आकडे कोरलेले असतात. ही जगभर चालणारी खूण आहे. १ म्हणजे हवा इथून आत, २ म्हणजे इथून बाहेर, ३ म्हणजे मोकळ्या वातावरणात आणि ४ म्हणजे हुकूम देणारी हवा. बाहेर जाणाऱ्या वाटा अनेक असतील तर २१, २२, २३, २४. भाषा कुठलीही असो, आकडे वाचता येणारा मेकॅनिक जर्मन व्हॉल्व्हही बरोबर जोडतो.

८. आधी पिवळा, मग लाल

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या इंजिनाच्या गाडीला (ट्रॅक्टरला) आपल्याकडे ‘घोडा’ म्हणतात. घोडा आणि ट्रेलर यांच्यामध्ये हवेचे दोन पाइप लोंबतात. लाल पाइपातून ट्रेलरच्या टाकीत हवा भरते आणि दुसऱ्यातून ब्रेकचा हुकूम जातो. हा दुसरा युरोपात पिवळा, अमेरिकेत निळा. जोडताना आधी पिवळा, मग लाल. सोडवताना आधी लाल, मग पिवळा. का? लाल जोडला की ट्रेलरचे ब्रेक सुटतात. तो आधी जोडला आणि जमीन उताराची असली, तर ट्रेलर अंगावर येऊ शकतो.

पाइप उलटसुलट जोडले तर? स्प्रिंग ब्रेकचा ट्रेलर जागचा हलणारच नाही, कारण स्प्रिंग सोडवायला हवाच पोचत नाही. खरा धोका जुन्या, स्प्रिंग नसलेल्या ट्रेलरचा. त्याची टाकी रिकामी असेल तर तो मुकाट मागोमाग निघतो आणि त्याला ब्रेक नाही, हे पहिल्या वळणावर कळतं. म्हणूनच युरोपीय जोडांना असा आडोसा असतो, की चुकीचं तोंड बसतच नाही.

९. ट्रेलर तुटला, घोडा वाचला

धावताना लाल पाइप तुटला तर ट्रेलर स्वतःच्या टाकीतल्या हवेने किंवा स्प्रिंगने ताबडतोब ब्रेक लावतो. इकडे घोड्यातला ट्रॅक्टर प्रोटेक्शन व्हॉल्व्ह ट्रेलरकडे जाणारी दारं बंद करतो, म्हणजे घोड्याची हवा त्या तुटक्या पाइपातून वाहून जात नाही. अमेरिकी ट्रकमध्ये दाब ४५ ते २० पीएसआयच्या (म्हणजे दर चौरस इंचाला पौंडांच्या) दरम्यान आला की हे आपोआप घडतं.

हुकमाचा पाइप तुटला तर मात्र गंमत निराळी. काहीच होत नाही! ड्रायव्हर मजेत चाललेला असतो. पेडल दाबलं की त्या फुटक्या तोंडातून हवा भसाभस बाहेर पडते, दाब कोसळतो आणि मग व्हॉल्व्ह दारं लावून घेतो.

१०. काचेआड पडणारी पट्टी

जुन्या अमेरिकी ट्रकमध्ये हवेचा दाब ६० पीएसआयखाली गेला की एक पट्टी धपकन ड्रायव्हरच्या नजरेसमोर पडे. दिवा जळला असेल, बझर बिघडला असेल, पण डोळ्यांपुढे लोंबणाऱ्या पट्टीकडे दुर्लक्ष कोण करणार? आजही तिथे दोन खटके अंधारात चाचपून ओळखता येतात : ट्रेलरच्या हवेचा लाल अष्टकोनी, पार्किंगचा पिवळा चौकोनी. दाब फारच घसरला तर दोन्ही आपणहून बाहेर उडी मारतात.

११. नुसत्या हवेचं वजन किती?

ट्रकवर सर्रास दिसणाऱ्या ३० क्रमांकाच्या चेंबरचं कामाचं क्षेत्रफळ ३० चौरस इंच असतं. त्यात १०० पीएसआय दाबाची हवा सोडली की दांड्यावर ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलो जोर येतो. एका चाकावर! म्हणूनच पार्किंगची स्प्रिंग लागलेली असताना पेडल दाबायचं नसतं. दोन्ही जोर एकत्र आले तर ब्रेकचेच सुटे भाग वाकतात. काही गाड्यांत तर हे दोन जोर एकत्र येऊच नयेत म्हणून वेगळा व्हॉल्व्ह असतो.

१२. फुकटची हवा, सोबत पाणी

अवजड गाड्यांनी मोटारींच्या ब्रेकमधल्या तेलाऐवजी हवा निवडली, याचं एक कारण साधं आहे. ट्रेलर रोज जोडायचा आणि रोज सोडवायचा. दर वेळी तेल सांडलं असतं. हवा सांडली तर आभाळातून नवी भरता येते. पण ती येताना बाष्प घेऊन येते. कॉम्प्रेसरमध्ये तापलेली हवा टाकीत थंड झाली की तळाशी पाणी साचतं. त्याने गंज चढतो, आणि हिमप्रदेशात व्हॉल्व्ह गोठतात. म्हणून टाक्यांना खाली पाणी सोडायचा नळ असतो आणि नव्या गाड्यांत हवा सुकवणारा एअर ड्रायर. सिग्नलला उभा असलेला ट्रक मध्येच शिंकतो, तो बहुतेक वेळा हा ड्रायर आतलं पाणी झटकत असतो.

१३. मग घाटात ब्रेक जातात ते कसे?

एवढे व्हॉल्व्ह असूनही पुण्याकडून बोरघाट उतरणाऱ्या गाड्यांचा घात होतो, कारण व्हॉल्व्ह सांभाळतात हवा आणि घाटात वैरी असतो ताप. सतत ब्रेक दाबून चाकातला ड्रम तापला की तो फुगतो आणि त्याला आतून घासणाऱ्या ब्रेकशूंपासून लांब सरकतो. दांड्याला जास्त अंतर जावं लागतं, शूंवरच्या लायनिंगची पकड सुटते. मीटरवर हवा भरपूर आणि गाडी मात्र थांबत नाही!

त्यात डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की इंजिनाचा अटकाव संपतो. इंजिनच बंद केलं तर कॉम्प्रेसरही थांबतो, आणि मग प्रत्येक वेळी पेडल दाबताना टाकीतली शिल्लक खर्च होते. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. निदान त्याहून वरच्या गिअरमध्ये तरी नको.

१४. हवेला पोचायलाही वेळ लागतो

तेलाच्या ब्रेकमध्ये पाय पडताच जोर चाकाशी पोचतो. हवेला आधी पाइप आणि चेंबर भरावं लागतं. ऑस्ट्रेलियात ५३.५ मीटर लांबीच्या रोड ट्रेन धावतात. आवाजाच्या वेगाने गेली तरी हवेतली दाबाची लाट तिथे शेपटापर्यंत पोचायला सेकंदाचा सहावा हिस्सा घेते. प्रत्यक्षात ब्रेक लागायला याहून जास्त. म्हणून मागच्या चाकांजवळ टाकी आणि रिले व्हॉल्व्ह बसवतात : पुढून फक्त हुकूम येतो, हवा जवळचीच वापरली जाते.

इतकं करूनही साधारण अर्धा सेकंद जातोच. ताशी ६० किलोमीटर वेगात तेवढ्यात ट्रक आठ मीटर पुढे गेलेला असतो. महामार्गावर ट्रकपुढे दिसणारी मोकळी जागा ड्रायव्हरने आळसाने सोडलेली नसते. ती त्याच्या ब्रेकच्या हिशेबातली असते. हॉर्न वाजवत तिच्यात मोटार घुसवण्याआधी हे आठ मीटर मोजून बघावेत.