घरात चिवट टीबी, मुलाचे काय?

घरातल्या मोठ्या माणसाला टीबी झाल्याचे कळले, की पहिली घाई होते ती ताट-वाटी वेगळी करण्याची. खरे तर टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नव्हे. आणि निदान होईपर्यंत मूल त्याच खोलीत, बहुधा त्याच कुशीत झोपलेले असते. मग त्याला मामाकडे धाडले, तरी जंतू सोबत गेलेले असू शकतात.

आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना दाद न देणारा, म्हणजे 'एमडीआर' टीबी असेल, तर नेहमीच्या प्रतिबंधक गोळ्यांचा भरवसा उरत नाही. अशा मुलावर नुसते लक्ष ठेवा, एवढेच वर्षानुवर्षे सांगितले जाई.

दक्षिण आफ्रिकेत अशा घरांतील मुलांना, त्यातही बहुतेक पाच वर्षांखालील, सहा महिने रोज लेव्होफ्लॉक्सासिन देऊन पाहिले गेले. औषध घेतलेल्यांत शेकडा १.१ मुलांना टीबी झाला. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेतलेल्यांत २.६. फरक लहान, एवढ्यावर निर्वाळा देणे कठीणच. पण व्हिएतनाममधील अशाच पाहणीचे आकडे जोडल्यावर धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाची शिफारस केली.

मात्र ही गोळी आपल्या मनाने द्यायची नव्हे. मुलाला टीबी आधीच झाला असेल, तर एकटे औषध पुरत नाही, उलट जंतू आणखी चिवट होतात. म्हणून आधी तपासणी. बीसीजीची लस टोचली आहे, म्हणून ती टाळू नये. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. तेव्हा वजन न वाढणे, दोन आठवडे खोकला किंवा ताप, खेळातून लक्ष उडणे, या गोष्टी आईनेच टिपून डॉक्टरांना सांगायच्या. आणि हे लक्ष निदान दोन वर्षे ठेवायचे, गोळ्या संपल्या तरीही.